आधी पाणी, मग दवाखाना

यशवंत तामगाडगे यांचं एक वाक्य तालुक्यातल्या लहानथोरांना पाठ होतं. "आधी पानी, मंग दवाखाना." ते ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा सहायक होते. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूची माणसं गावोगाव शोधून यवतमाळला शस्त्रक्रियेसाठी पाठवायची, हे त्यांचं काम. कुणी डॉक्टर म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करत, "डॉक्टर यवतमाळले आहे. मी तामगाडगे." लोकांनी मधला मार्ग काढून त्यांना सर केलं होतं.

हे वाक्य फवारणीच्या वर्षांतलं. बोंडअळीनं कपाशी धरली, तशा फवारण्या वाढल्या. एका औषधानं भागेना म्हणून दोन औषधं एकत्र केली जाऊ लागली. चांगल्या पावसाच्या सालात कपाशी माणसाच्या छातीपर्यंत चढे आणि पंपाचा फवारा तोंडाच्या उंचीवर येई. त्या हंगामांत माणसं डोळे घट्ट मिटून, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून रुग्णालयाची पायरी चढत. शेतातून तिथवर पोचायला तास-दोन तास गेलेले असत. तामगाडगे यांचं म्हणणं असं की डोळा त्या वेळातच वाचतो किंवा जातो. म्हणून औषध डोळ्यात गेलं की गाडी शोधण्याआधी पाणी, भरपूर, पाव तास. हे सांगायला ते बैठकीची वाट पाहत नसत. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली की ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. सगळं गाव बैलांची सजावट बघे. तामगाडगे बैल धरून उभ्या असलेल्या माणसांचे डोळे बघत.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. ओळख झाली ती अशाच एका हंगामात, रुग्णालयाच्या व्हरांड्यात. अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात पेनाऐवजी छोटी टॉर्च. बोलताना ते समोरच्याच्या आधी एका डोळ्यात पाहत, मग दुसऱ्या. बातम्यांसाठी मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं गेलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंय, असं कधी वाटलं नाही.

काळजी हा त्यांचा स्थायी भाव होता. थेंब लिहून दिले आणि घरी आले की त्यांना शंका येई, उजव्याच्या जागी डावा तर लिहिला नाही? मग स्कूटर काढून परत रुग्णालयात, नोंदवही उघडून खात्री. हे इतक्यांदा झालं की त्यांनी एक पद्धत पाडली. ज्या बाजूच्या डोळ्यात औषध घालायचं, त्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर शाईचा ठिपका. आठवडी बाजारात नखावर ठिपका दिसला की लोक विचारत, "सरकडे गेलता का?" त्यांच्या पत्नी सुनीताबाई एकदा चहा देताना म्हणाल्या, "याईचं मले सांगू नका. मी बाजारात गेली तं माह्या नखावरही ठिपका देऊन पाठवतीन. कोनत्या हातानं भाजी घ्याची ते इसरू नये म्हनून."

"ठिपका पुसल्या जाते," तामगाडगे गंभीरपणे म्हणाले, "भाजीच्या पान्यानं."

शाळा तपासणीला ते जायचे तेव्हाची एक गोष्ट तालुक्यातले मास्तर हसून सांगत. त्यांच्याकडे तीन दातांच्या आकृत्यांचा तक्ता होता. वरच्या ओळीत मोठी आकृती, खाली खाली बारीक होत गेलेल्या. मुलानं दात कोणत्या दिशेला आहेत ते हातानं दाखवायचं. मुलं त्याला दाताळ्याचा तक्ता म्हणत. एका जिल्हा परिषद शाळेत सलग तीस-पस्तीस मुलांनी शेवटची ओळसुद्धा बिनचूक दाखवली. मुख्याध्यापक खूश झाले. तामगाडगे यांचा चेहरा उतरला. त्यांनी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा टांगला आणि पुन्हा पहिल्या मुलापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपासूनच हात चुकू लागले. रांगेत मागे उभी असलेली मुलं पुढच्यांच्या हातांवरून अख्खा तक्ता पाठ करत होती.

"काहून रे पाठ केलं?" त्यांनी एकाला विचारलं.

"नापास होऊ म्हनून, सर."

त्यांनी तक्त्याच्या खालच्या पट्टीलाही कडी बसवून घेतली. नंतर कोणत्याही मुलासमोर तक्ता एकदा सुलटा, एकदा उलटा. "दिसते तेच सांग, बावा," ते म्हणत. "नाही दिसत तं नाही दिसत म्हन. खोटं दिसनं काही कामाचं नाही."

मग करोनात शाळा बंद झाल्या आणि फोनवर भरू लागल्या.

त्या वर्षी कापसाचं जे व्हायचं ते होतच होतं. अळी होती, खरेदी रखडली होती. पण तामगाडगे यांच्या फोनवर दुसराच विषय होता. पोरांचे डोळे लाल होतात, पाणी येतं, कपाळ दुखतं. घरात फोन एक, स्क्रीन तळहाताएवढी, तिच्यावर मास्तरांनी पाठवलेला फळ्याचा फोटो, आणि त्यावर तीन भावंडांची डोकी एकमेकांना चिकटलेली. घरोघरी ज्याचं त्याचं निदान ठरलेलं होतं. कुणी नजर काढली, कुणी एरंडेल घातलं, कुणी फोन दडवून ठेवला आणि मुलाचा अभ्यास बुडाला. फोन दडवायला त्यांचा विरोध होता. "मंग शिकन कसं?" ते विचारत. "डोया वाचला अन् शाळा गेली, हा कोनता हिशोब?"

त्यांनी नियम केले. फोन हातात धरायचा नाही. दोन डबे एकावर एक ठेवून त्याला टेकवायचा आणि कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतरावर बसायचं. ऊन पाठीमागून काचेवर पडू द्यायचं नाही. एक धडा झाला की मान वर करून लांबचं झाड नाहीतर पाण्याची टाकी पाहायची, मनात वीस आकडे म्हणायचे. पापण्या लववत राहायच्या. कविता असेल तर पाहायचीच नाही, फोन पालथा घालून ऐकायची.

एका घरी मी त्यांच्यासोबत होतो. आजी फोन घेऊन आली. नातू तासन्‌तास डोकं घालून बसतो, डोळे जातील, त्याला दम द्या, अशी तिची तक्रार. तामगाडगे यांनी नातवाला काही विचारलं नाही. आजीलाच म्हणाले, "माय, तुमी तांदूय निवडता तवा कितीदा मान वर करता?"

"मान दुखली का करतो ना."

"तसंच त्याले सांगा. धडा म्हंजे तांदूय. निवडाचे, पन मधी मधी मान वर कराची."

आजीनं नातवाकडे पाहिलं. "आयकलं का, पोट्ट्या? तांदूय निवड." आणि तामगाडगे यांना म्हणाली, "तांदूय तं कधी निवडले नाई यानं. फोन मात्र निवडते."

नियम मला पटण्यासारखे वाटले. मी ते चौकटीत छापले. त्यात शेवटचा एक नियम होता. फोन झाला की डोळ्यांवर गार पाण्याचा हबका मारावा. रुग्णालयाला आलेल्या छापील पत्रकात तो नव्हता. तो तामगाडगे यांनी स्वतःहून घातला होता. फवारणीच्या वर्षांत पाण्यानं डोळे वाचताना त्यांनी पाहिले होते, आणि फोनच्या वर्षातही त्यांचा हात आधी तिकडेच गेला. चौकटीला मथळा मी दिला. त्यांचंच वाक्य होतं, दवाखाना वगळून: आधी पाणी.

पायल राठोड तेव्हा सहावीत होती. तिचा तांडा डोंगराच्या कुशीत, खोलगट जागी. घरात फोनला रेंज नव्हती. रेंज यायची ती त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाच्या झाडाखाली. दहा वाजता पायल चटई, दोन डबे आणि फोन घेऊन तिथे जाई. घरी आमचं दैनिक येत नव्हतं. चौकटीचं कात्रण मास्तरांनी फोनवर पाठवलं होतं. तिनं नियम वहीत उतरवून घेतले होते आणि ती ते पाळत होती. मास्तर सांगत, असं सांगितलेलं करणारं पोर वर्गात दुसरं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी तिच्या आईचा, कमलाबाईंचा, तामगाडगे यांना फोन आला. पोरीचे डोळे लाल आहेत, चुरचुरतात. तामगाडगे यांनी विचारायचं ते विचारलं. पू आहे का? नाही. सकाळी कसे असतात? सकाळी बरे, फोन पाहून आली की लाल. हे त्यांना दिवसातून चार घरांतून ऐकू येत होतं. त्यांनी नियम पुन्हा सांगितले.

चार दिवसांनी पुन्हा फोन. जास्त झालंय.

"पानी मारते का?"

"मारते ना, सर. तीनदा मारते."

"सहादा मारू द्या."

त्यांच्या वहीत हे त्याच शब्दांत लिहिलेलं आहे. फोनवरच्या प्रत्येक रुग्णाची ते नोंद करत. पुढे ते पान त्यांनी मला दाखवलं तेव्हा 'सहादा' या शब्दाखाली रेघ ओढलेली होती. रेघ नंतरची होती; शाई वेगळी होती.

नवव्या दिवशी कमलाबाईंनी फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. पायल डावा डोळा उजेडात उघडत नव्हती. रुग्णालयात आणायला गाडी नव्हती, एसटी बंद. फोटो पाठवला होता, तो हललेला. तामगाडगे म्हणाले, मीच येतो. निघता निघता त्यांनी, सवयीनं, आणखी एक विचारलं.

"पानी कोठचं मारते?"

"ड्रममधलं."

"घरच्या?"

"नाई सर, वावरातल्या. ते तिथंच बसते ना. तुमी सांगतलं फोन झाला का लगेच."

धुऱ्यावर निंबाखाली निळा ड्रम होता. अनिल राठोड, पायलचे वडील, त्यातलं पाणी फवारणीला घेत. फवारणी सुरू असली की ते पोरीला त्या बाजूला फिरकू देत नव्हते. त्याबाबत ते काटेकोर होते. ज्या दिवशी फवारणी त्या दिवशी तिची शाळा बुडे. ड्रममधलं पाणीही दिसायला स्वच्छच होतं, बैल ते पीत नव्हते एवढंच. ड्रमच्या काठावर एक मग अडकवलेला होता, पाच लिटरच्या जुन्या कॅनचा तळ कापून केलेला. त्याच मगानं औषध पाण्यात ढवळलं जाई आणि तो पुन्हा ड्रममध्ये बुडवून काठाला अडकवला जाई. पायल त्याच मगानं पाणी घेत होती. आधी तीनदा, मग सहादा.

तामगाडगे यांनी स्कूटर उभी केली ती थेट ड्रमपाशी. हे मला अनिल राठोड यांनी सांगितलं. सर घरात गेलेच नाहीत आधी. त्यांनी मग उचलला, नाकाशी नेला आणि तसेच उभे राहिले. अनिल म्हणाले, "मले वाटलं आता हे मले बोलतीन. मी तयारच होतो. पन त्याईनं मग खाली ठेवला अन् आपलाच हात पाहून राह्यले."

मग ते घरात गेले. घरच्या माठातलं पाणी, घरचा तांब्या घेऊन दोन्ही डोळे पाव तास स्वतः धुतले. टॉर्च लावून पाहिलं. डाव्या बुबुळावर जखम होती. चुरचुरतं म्हणून पोरीनं चोळलं होतं आणि जखमेला पाणी लागत राहिलं होतं. तांड्याच्या नायकांची जीप मिळाली. यवतमाळपर्यंत तामगाडगे मागच्या बाकावर बसले, पायलचं डोकं मांडीवर धरून, तिला डोळा चोळू न देता. वाटेत ती एकदाच बोलली.

"सर, मी एकपन दिवस नाई चुकवलं."

"मले मालूम आहे, बाई," ते म्हणाले.

अकरा दिवस ती यवतमाळला होती. डोळा वाचला. पण बुबुळाच्या कडेला फूल पडलं, ज्वारीच्या दाण्याहून लहान, पांढरट. त्या डोळ्यानं तक्त्याच्या खालच्या ओळी दिसेनाशा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवा. फूल सरकलं तर नजर आणखी उतरेल.

त्यानंतरच्या सोमवारी तामगाडगे माझ्याकडे आले. बसले नाहीत. त्यांना चौकट दुरुस्त करून हवी होती. मजकूर त्यांनी लिहून आणला होता: पाणी घरचंच, भांडं घरचंच, शेतातल्या ड्रमचं आणि डब्याचं पाणी डोळ्याला लावू नये, पाण्यानं दोन दिवसांत उतार पडला नाही तर पाणी थांबवून दवाखान्यात यावं. खाली लिहिलं होतं, आधीच्या चौकटीतली चूक यशवंत तामगाडगे यांची आहे.

शेवटची ओळ मी काढली. दुरुस्तीत व्यक्तीचं नाव देण्याची पद्धत नाही, असं मी त्यांना सांगितलं. पद्धत तशीच होती. ती दैनिकाला सोयीचीही होती, कारण मथळा आमचा होता. पहिली चौकट तीन स्तंभांत आली होती. दुरुस्ती आतल्या पानावर, एका स्तंभात, खत विक्रीच्या जाहिरातीखाली छापली गेली. तामगाडगे यांनी अंक पाहून एवढंच विचारलं, "हे दिसन का लोकाईले?"

दिसणार नाही हे त्यांना कळलं असावं. कारण पुढचे दोन महिने, रुग्णालयाचं काम संपलं की, ते स्कूटरवरून वस्त्यांवर जात. एका हातात फोन उंच धरून गल्लीगल्लीतून फिरत, रेंज कुठे येते ते पाहत. विहाराची ओसरी, समाजमंदिराची पायरी, कुणाच्या गोठ्याची भिंत, जिथे शेतापासून लांब दोन काड्या दिसतील तिथे खडूनं गोल करत आणि घरच्यांना सांगत, पोरगं इथं बसवा. लोकांना वाटे सरच्या डोक्यावर परिणाम झाला. एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "काय गा, टावर टाकून राह्यला का?" ते म्हणाले, "टावर नाही, बावा. बसाची जागा पाहून राह्यलो."

आपलं जुनं वाक्य त्यांनी बंद केलं. दुसऱ्या कुणी म्हटलं तरी त्यांना चालत नसे. डोळ्यांची कुठलीही तक्रार आली की पहिला प्रश्न असे, "कोठं बसते?" आणि दुसरा, "पानी कायनं घेते?" कुणाच्या घरी पाणी दिलं, तर पिण्याआधी ते भांडं नाकाशी नेत. काहींना त्याचा राग आला. आमच्या घरचं पाणी हुंगून पितो, अशी कुजबुज एका गावात झाली. जो माणूस आयुष्यभर सगळ्यांच्या हातचं पीत आला, आणि ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं, त्याच्याबद्दल ही कुजबुज होती. सुनीताबाईंनी हे मला सांगितलं. तामगाडगे यांनी मात्र हुंगायचं सोडलं नाही.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात मी रुग्णालयात गेलो. निवृत्तीची छोटी बातमी करायची होती. फोटो नको म्हणाले. बाकावर कमलाबाई आणि पायल बसल्या होत्या. पायल आता आठवीत होती. ती दर सहा महिन्यांनी येई. ही त्यांच्या हातची शेवटची तपासणी होती.

तक्ता खिळ्यावर होता. पायलनं उजवा डोळा तळव्यानं झाकला. तामगाडगे छडीनं आकृत्या दाखवत गेले आणि तिचा हात फिरत गेला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मागच्या वेळी ती चौथ्या ओळीवर अडली होती. आता चौथी गेली, पाचवीही गेली. शेवटच्या ओळीपर्यंत हात एकदाही चुकला नाही. कमलाबाईंनी तोंडावर पदर धरला. "साजरं दिसून राह्यलं ना, सर?"

तामगाडगे छडी हातात घेऊन उभे होते. तक्त्याकडे पाहत नव्हते, पायलच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होते.

"पाठ केलं, बाई?"

तिनं डोळ्यावरचा तळवा खाली घेतला.

"काहून?"

"तुमी जाऊन राह्यले ना, सर."

त्यांनी तक्ता खिळ्यावरून काढला. कडी सापडायला त्यांना थोडा वेळ लागला. उलटा टांगला. "आता दिसते तेच सांग," ते म्हणाले. पायलनं पुन्हा उजवा डोळा झाकला. पहिली ओळ बरोबर. दुसरी, तिसरी. चौथीतल्या पहिल्या दोन आकृत्या बरोबर आल्या, तिसरीला हात हवेत थांबला.

"नाई दिसत," ती म्हणाली.

तामगाडगे टेबलाशी गेले. जुना कागद काढून शेजारी ठेवला, दोन्ही आकडे बोटानं जुळवले, एकदा, पुन्हा एकदा. "मांगच्या वेळी होतं तेवढंच आहे," ते म्हणाले. "उतरलं नाही." आकडा त्यांनी कागदावर लिहिला. पायलचा डावा अंगठा पुढे घेतला आणि नखावर शाईचा ठिपका दिला, थेंब चालू ठेवायचे म्हणून.

मायलेकी गेल्यावर ते मागच्या दारानं बाहेर गेले. खिडकीतून नळ दिसत होता. नळाशेजारी भिंतीच्या खुंटीला रुग्णालयाचा स्टीलचा मग अडकवलेला असे. त्यांनी तो काढला, नाकाशी नेला, विसळला, पुन्हा नाकाशी नेला. नंतर चष्मा काढून खिशात ठेवला, मग भरून घेतला आणि डोळ्यांवर पाण्याचा हबका मारला. पुन्हा भरला, पुन्हा मारला. बराच वेळ ते तिथे वाकून उभे होते.